तिकडे आणि इकडे: ओपांकडे शिकलेल्या उझबेक स्वयंपाकाच्या नोंदी

७ जानेवारी २०२३, शनिवार

आजपासून नोंदी सुरू. मार्च संपेपर्यंत जमेल त्या शनिवारी ओपांकडे जायचं, त्या रांधतील ते बघायचं, स्वतःच्या हातांनी करायचं आणि रात्री घरी येऊन मराठीत लिहून काढायचं, असं ठरलं आहे. ओपा म्हणजे मोठी बहीण, आपली ताई. ओळखीचे सगळे त्यांना तसंच म्हणतात, म्हणून मीही. त्या मला सिंगलिम म्हणतात, म्हणजे माझी धाकटी बहीण.

ओपा मार्गिलानच्या, उझबेकिस्तानातल्या फरगाना खोऱ्यातल्या. २०११ मध्ये ग्रीन कार्डच्या सोडतीत यजमानांचं नाव निघालं आणि कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला आलं. इथे त्या घरोघरी जाऊन वयस्क माणसांची देखभाल करतात. जॅक्सन हाइट्समध्ये आमच्या मजल्यावरच्या आजींकडे त्यांची पाळी असते. लिफ्टमध्ये त्यांच्या डब्यातून भाजलेल्या जिऱ्याचा वास आला आणि मी विचारलं, तिथून ही ओळख. तिकडे त्या वीस वर्षं एका बालवाडीत स्वयंपाकीण होत्या. बालवाडीला उझबेकमध्ये ‘बोगचा’ म्हणतात. शब्द बागेवरूनच आलेला, आपल्या बगिच्याचा सख्खा भाऊ.

पहिल्याच दिवशी चूक झाली. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, येताना दोन किलो ‘सबझी’ घेऊन ये. मी भुयारी रेल्वेच्या एफ गाडीत दोन पिशव्या सांभाळत गेले: फ्लॉवर, मटार, फरसबी, पालक. ओपांनी पिशव्या उघडल्या, सगळं नीट धुऊन ठेवलं आणि मग फळीवरचं एक गाजर उचलून माझ्या हातात दिलं. उझबेकमध्ये सबझी म्हणजे गाजर. पुलाव राहिला, भाज्यांचं सूप झालं. पुढच्या वेळी शब्द आधी विचारून घ्यायचे.

वहीत लिहिलं: जिरे = झिरा. कांदा = पियोझ. गोश्त = गोश्त. चहा = चोय. मूग = मोश. कोथिंबीर = काश्निच. तंदूर = तांदिर. निम्मी यादी ओळखीची आहे, म्हणूनच जपून. सबझीही ओळखीचीच वाटली होती.

१४ जानेवारी, शनिवार

पुलाव. त्यांच्या भाषेत पालोव, घरात बोलताना नुसतं ‘ओश’. ओश म्हणजे जेवण असाही अर्थ होतो. युनेस्कोने २०१६ मध्ये उझबेकिस्तानच्या पालोव संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे मी सांगितलं तेव्हा ओपा म्हणाल्या, यादीत पुरुषांचा पुलाव गेला असेल. लग्नाच्या मोठ्या कझानीवर, म्हणजे कढईवर, तिकडे पुरुष आचारी उभे राहतात. गुरुवारी घरातल्या सहा माणसांसाठी करतात त्या बायका.

मी वजनकाटा घेऊन गेले होते. मापं अशी निघाली: तांदूळ १ किलो, गाजर १ किलो, मेंढीचं मांस १ किलो, कांदे ३०० ग्रॅम, तेल पाव लिटरपेक्षा थोडं जास्त, अख्खे लसणाचे गड्डे २, जिरे एक मोठा चमचा, मीठ. तांदूळ, गाजर, मांस समसमान, हे सूत्र त्यांनी आधीच सांगितलं होतं. काट्याने तेच सांगितलं. बालवाडीत साठ मुलांचा हिशेब ग्रॅममध्ये लिहिलेला असायचा, तो त्यांना आजही तोंडपाठ आहे. घरात मात्र त्यांनी कधी काही तोललं नाही.

गाजर किसायचं नाही. तिरपे काप, मग काड्या, जाडी तीन-चार मिलिमीटर. किसलेलं गाजर विरघळतं आणि पुलावाचा लगदा होतो. किलोभर गाजर सुरीने चिरायला मला पाऊण तास लागला, ओपांना बारा मिनिटं. इथलं केशरी गाजर गोड आणि पाणीदार. तिकडे पिवळं गाजर असतं, घट्ट आणि कमी गोड. म्हणून ओपा इथे गाजर आदल्या रात्रीच चिरतात आणि पंच्यावर पसरून ठेवतात. सकाळपर्यंत काड्या किंचित मऊ पडतात, वाकवल्या तर मोडत नाहीत.

कृती. तेल तापवायचं. त्यात मांस, तपकिरी होईपर्यंत. मग कांदा, सोनेरीच्या थोडा पुढे जाईपर्यंत. मग गाजर, हलक्या हाताने वरखाली. मग पाणी, अख्खा लसूण, जिरे, आणि पाऊण तास मंद आच. या रश्शाला झिरवाक म्हणतात. तो चाखला तर खारट लागला पाहिजे, कारण तांदूळ ते मीठ ओढून घेणार आहे. वर भिजवलेला तांदूळ पसरायचा आणि तो रश्शात ढवळायचा नाही. पाणी झाऱ्यावरून सोडायचं म्हणजे थर फाटत नाही. मोठ्या आचेवर पाणी आटलं की भात मध्यभागी गोळा करून टेकाड करायचं, काडीने भोकं पाडायची, वर झाकण. यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांना ‘दमलाश’ म्हणतात. दम द्यायचा, दुसरं काही नाही. झारा म्हणजे कपगिर, परात म्हणजे ल्यागन. ल्यागनमध्ये भात खाली, गाजर त्यावर, मांस सर्वांत वर, आणि बाजूला बारीक कापलेला कांदा-टोमॅटो.

एक गोष्ट काट्यावर पकडता आली नाही. तेल किती तापवायचं? तिकडे खूण पांढऱ्या धुराची: कपाशीच्या सरकीचं तेल निळसर पांढरा धूर सोडेपर्यंत तापवतात. इथे फ्लॅटमध्ये धूर झाला की छतावरची धोक्याची घंटा वाजते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. म्हणून ओपा तेलात मिठाचे चार खडे टाकतात. खडे तडतडून उडाले की मांस टाकायचं. बारा वर्षांत त्यांनी या घरात तेलाचा पांढरा धूर पाहिलेला नाही.

१५ जानेवारी, रविवार

आज संक्रांत. कालच तिळगूळ नेला होता. ओपांनी एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, ‘कुंजुत!’ तीळ. त्यांच्याकडे तो नानवर भुरभुरतात.

२१ जानेवारी, शनिवार

ओपांना कामाची पाळी होती. घरी एकटीने पुलाव केला, निम्म्या मापाने. बिघडला. खालचा भात चिकट, वरचा कच्चा. मापं काट्यावर बरोबर होती, पुन्हा तपासली.

रात्री फोन केला. ओपांची नात दुभाषी म्हणून मध्ये बोलत होती. तांदूळ किती, पाणी किती, यातलं ओपांनी काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न: ‘थापटल्यावर आवाज कसा आला?’ मी थापटलंच नव्हतं. पाणी आटत आलं की कपगिराच्या पाठीने भातावर हलके थापटायचं असतं. चुबुक आवाज आला तर पाणी आहे, थांबायचं. आवाज बसका, ठप्प आला तर पाणी गेलं, आता टेकाड करून झाकायचं. मी वाफ बघून झाकण ठेवलं. तेव्हा खाली पाणी होतं.

मग तांदळाविषयी. तिकडे देवझिरा वापरतात: लालसर, जड दाणा, त्याच खोऱ्यात पिकणारा, खूप पाणी आणि तेल पिणारा. इथे ओपा रोजच्याला कॅलिफोर्नियाचा कॅलरोज वापरतात, त्याला कमी पाणी लागतं. मी घातला होता बासमती, म्हणजे सगळा हिशेबच वेगळा.

यानंतर वहीची रचना बदलली. प्रत्येक पदार्थाला दोन रकाने: तिकडे आणि इकडे. तिकडे सरकीचं तेल, इकडे सूर्यफुलाचं. तिकडे धूर, इकडे मिठाचे खडे. तिकडे दुंबा, म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी. इकडे मांसाबरोबर निघेल ती चरबी आणि थोडं जास्त तेल. मी आले होते तिकडचा रकाना भरायला. पण ओपांनी बारा वर्षं डोकं आणि हात चालवून जे शोधलं आहे, ते सगळं उजवीकडच्या रकान्यात आहे. ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यांच्या जुन्या वहीतही नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे शहरात उणे १६ सेल्सियस. ओपांनी मोशकिचिरी करायला घेतली होती.

नाव ऐकलं तेव्हाच समजलं, चाखल्यावर तर शंकाच उरली नाही. मोश आणि किचिरी. मूग आणि तांदूळ. अख्खे हिरवे मूग आधी शिजवायचे आणि त्यांनी तोंड उघडलं की मग तांदूळ घालायचा. तळाला कांदा, गाजर आणि मांसाचे लहान तुकडे तेलात परतलेले. वरून दही, त्याला ते कातिक म्हणतात. पातळ केली तर मोशखुर्दा, ती सूप म्हणून पितात. आजाऱ्याला, बाळंतिणीला, थंडीत कोणालाही.

शब्दाचा एक धागा माझ्या डोक्यातून जात नाही. संस्कृतात माष म्हणजे उडीद. फारसीत माश म्हणजे मूग, आणि उझबेकांचा मोश तोच. एका शब्दाने दोन डाळी वाटून घेतल्या. साताऱ्याला आईला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, ‘हिंग घालतात का गं?’ नाही घालत. हळदही नाही. जिरे आणि मिरे, एवढंच. तरी पहिल्या घासाला मला आमचं स्वयंपाकघर आठवलं, हे इथे लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी, शनिवार

मंती. वाफवलेले मोठे मोदकच म्हणावेत असे, आत मांस आणि कांदा. ओपांच्या थरांच्या भांड्याला कास्कान म्हणतात, त्याचा एक थर वाकला आहे. म्हणून मी माझं मोदकपात्र घेऊन गेले. ते त्यांच्या भांड्यावर नीट बसलं.

मांस यंत्रातून काढायचं नाही. सुरीने वाटाण्याएवढं चिरायचं. कांदा मांसाइतकाच, वजनाने समसमान. मंती रसाळ होते ती कांद्यामुळे. कणीक मैद्याची, घट्ट, अर्धा तास झाकून ठेवलेली. पारी उकडीच्या मोदकापेक्षा पातळ लाटायची. ओपा चार कोपरे उचलून मध्ये चिमटतात आणि मग बाजू जोडतात. मी एक मंती मोदकासारखी कळ्या पाडून वळली. ओपांनी ती हातात फिरवून पाहिली, कळ्या मोजल्या, सतरा भरल्या, आणि ती वेगळी ठेवली नातीसाठी.

खाली चिकटू नये म्हणून प्रत्येक मंतीचा तळ तेलात बुडवून ठेवतात. आमच्याकडे हळदीचं पान किंवा केळीचं पान. भोपळ्याची मंतीही करतात, तिच्यात थोडी साखर आणि मिरे. ती पुढच्या हिवाळ्यात, या भोपळ्याला चव नाही म्हणाल्या. वाफ ४५ मिनिटं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज नान. महाशिवरात्रीचा मला उपास होता, त्यामुळे चवीची नोंद ओपांची नात सांगेल तशी.

पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, थोडं दूध. दोनदा फुगू द्यायचं. गोळा थापून मध्यभाग दाबायचा, कडा जाड ठेवायची. मग चेकिच. लाकडी मुठीखाली बारीक टोकांची नक्षी असलेला हा ठसा मध्यभागी मारायचा, म्हणजे तिथे भोकं पडतात आणि मधला भाग फुगत नाही, कडाच फुगते. ओपांचा चेकिच मार्गिलानचा, हातसामानातून आणलेला.

तांदिरमध्ये नान भिंतीला मारतात. इकडे: ओव्हनमध्ये जाड दगडी पाट पाऊण तास तापवायचा, नान त्यावर सरकवायचं, लगेच पाण्याचा फवारा मारून दार लावायचं. तळ बऱ्यापैकी येतो. धुराचा वास येत नाही आणि त्याला ओपांकडे उपाय नाही. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, मी उजवा रकाना तसाच भरून टाकू नये म्हणून.

पहिलं नान बाहेर आलं तेव्हा मी ते पालथं ठेवलं, वाफ निघून जावी म्हणून. पोळी आपण अशीच टाकतो. ओपांनी काही न बोलता ते सुलटं केलं. मग नातीने समजावलं: नान पालथं ठेवायचं नसतं, सुरीने कापायचं नसतं, खाली पडलं तर उचलून कपाळाला लावायचं. घरातलं सर्वांत वयाने मोठं माणूस ते हाताने तोडतं आणि तुकडे सगळ्यांपुढे ठेवतं. अन्नाला पाय लागला की नमस्कार करायचा हे मला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

चहाच्या वेळी ओपा स्वतःहून बोलल्या. घरातलं कोणी लांब निघालं, सैन्यात किंवा परदेशी, तर निघताना नानचा एक घास तोडून खातं. उरलेलं नान घरी टांगून ठेवतात. माणूस परत आलं की ते त्यानेच संपवायचं. ओपांनी २०११ मध्ये घास घेतलेलं नान आईच्या घरी भिंतीवर आहे. आई गेली, आता त्या घरात भाऊ राहतो. नान लाकडासारखं झालंय असं तो सांगतो, पण कोणाला हात लावू देत नाही.

मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनी चायनकमधला, म्हणजे किटलीतला, हिरवा चहा पियालीत ओतला, परत चायनकमध्ये ओतला, असं तीनदा, आणि चौथ्यांदा माझ्यासाठी पाव पियाली भरली. पियाली काठोकाठ भरली तर पाहुण्याने आता निघावं असा अर्थ होतो. थोडा दिला की पुन्हा पुन्हा ओतावा लागतो आणि पाहुणा बसून राहतो.

नातीची नोंद: ‘कडा छान, मध्ये थोडं जास्त मीठ.’

२५ फेब्रुवारी, शनिवार

रांधणं नाही, ब्रायटन बीचला खरेदी. देवझिरा मिळाला, रोज परवडेल असा भाव नाही, अर्धा किलो घेतला. झिर्क, म्हणजे वाळवलेली लाल आंबट बारबेरी. बारीक, काळपट जिरे. चाखून पाहिले, आपल्या जिऱ्यापेक्षा उग्र, शहाजिऱ्याच्या जवळचे.

लोणच्यांच्या काउंटरवर लसूण-धण्याची गाजराची कोशिंबीर होती, कोरियन म्हणून. ओपांच्या लहानपणी ती घराघरात होती. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना उचलून उझबेकिस्तान आणि कझाकस्तानात आणून टाकलं. त्यांना किमचीची कोबी मिळेना, म्हणून त्यांनी गाजर घेतलं. म्हणजे ‘इकडे’चा रकाना तिकडेही होता. तो कोरियन बायकांनी भरला आणि आज उझबेक ताटात तो तिकडचाच म्हणून बसतो.

११ मार्च, शनिवार

कोक सोमसा. कोक म्हणजे हिरवा. वसंतातल्या पहिल्या पाल्याचा समोसा, तळत नाहीत, भाजतात. तिकडे शेताच्या बांधावरून पाला खुडतात: पुदिना, पालक, जग-जग आणि ओतकुलोक. ओतकुलोक म्हणजे शब्दशः घोड्याचा कान. पान पाहिलं आणि ओळखलं, आंबट चुक्याच्या जातीचं. मग ओपांना सांगितलं की हे मी जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर शोधते, तिथल्या भाजीवाल्याकडे चुका कधीकधी येतो. पाला चिरून कांदा, मीठ आणि लोण्यात मिसळायचा, पिळायचा नाही. सोमसा चांगला झाला. पारी अजून जाड होते माझी.

ओपांनी आज गहू भिजत घातला. दोन किलो, सुमलकसाठी. सुमलक म्हणजे नवरोझला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, करतात तो गव्हाच्या कोंबांचा गोड पदार्थ.

१५ मार्च, बुधवार

कामावरून परस्पर ओपांकडे, गहू बघायला. ताटांत पसरलेल्या गव्हाला पांढरे कोंब आले आहेत, मुळं एकमेकांत गुंतून चटई झाली आहे. कोंब हिरवा व्हायच्या आत वाटायचा, हिरवा झाला की कडू होतो. रोज दोनदा पाण्याचा शिपका. खोली थंड, म्हणून ताटं हीटरजवळ. तिकडे उन्हात ठेवतात.

आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, हा तर आपला गव्हाचा चीक. पण चिकाच्या गव्हाला आपण कोंब येऊ देत नाही. जवळचं नातं नाचणीच्या सत्त्वाशी आहे. मोड आले की दाण्यातली विकरं पिष्टाचं साखरेत रूपांतर करू लागतात, म्हणून मोडाच्या नाचणीचं सत्त्व गोडसर लागतं. सुमलकमध्ये साखरेचा कण नसतो. गोडी सगळी कोंबांतून येते.

१८ मार्च, शनिवार, आणि १९ मार्चची पहाट

ओपांच्या मैत्रिणीचं बेन्सनहर्स्टमध्ये घर आहे, मागे सिमेंटचं अंगण. तिथे मोठी कझान गॅसच्या शेगडीवर चढवली. नवरोझ २१ मार्चला, पण त्या दिवशी मंगळवार, सगळ्यांना काम. म्हणून आज.

गहू यंत्रातून वाटला, पाणी घालून पिळला. तीन वेळा, तीन वेगळ्या बादल्या. पहिलं दूध दाट, तिसरं पातळ. कझानीत तेल कडकडीत तापवलं (उघड्यावर होतो, त्यामुळे धूर येऊ दिला. ओपा त्याच्याकडे बघत उभ्या होत्या). पहिल्या दुधात मैदा कालवून घातला, मग बाकीची दुधं एकामागून एक. मग सात दगड. स्वच्छ घासलेले, गुळगुळीत, अक्रोडाएवढे. ढवळताना ते तळाशी फिरत राहतात आणि लागू देत नाहीत.

संध्याकाळी सहाला ढवळणं सुरू. बायका पाळीपाळीने, एका वेळी वीस मिनिटं. लांब लाकडी उलथनं, तळाला टेकवून आठच्या आकड्यासारखं फिरवायचं. ढवळणारीने मनात काहीतरी मागायचं असतं. दहाला रंग दुधी, बाराला फिका बदामी, तीनला विटकरी. दगडांचा आवाज बदलत गेला. सुरुवातीला खडखड, मग जड, मग मिश्रणात बुडालेला, ऐकू येण्यापेक्षा हाताला जाणवणारा. माझी पाळी दोन वाजता होती आणि चार वाजता. चारच्या पाळीत उलथनं ओढायला खांद्यापासून जोर लागत होता. ओपा मागे उभ्या राहिल्या, माझ्या मुठीवर मूठ ठेवली आणि एक फेरा मारून दाखवला: तळाला लागत नव्हतं माझं, वरूनच फिरत होतं.

मध्यरात्री कोणीतरी डफासारखं वाद्य काढलं, त्याला दोइरा म्हणतात. थोडा वेळ नाच झाला. शेजारच्या घरातली एक बाई तक्रार करायला आली असं वाटलं, तर तीही एक पाळी ढवळून गेली.

सकाळी सातला आच बंद. कझानीला झाकण, वर रजई. ही पुन्हा दमच.

१९ मार्च, रविवार दुपार

झाकण काढलं. वर गडद तपकिरी साय, तिच्यावर वेटोळी उमटलेली. ज्याने त्याने त्यात काहीतरी पाहिलं: झाड, नदी, कोणाला पक्षी. चव गव्हाच्या काकवीसारखी, आधी भाजकी, मग उशिरा येणारी गोडी. वाटीत दगड आला तर इच्छा पूर्ण होते. माझ्या वाटीत आला. तो धुऊन परत करायचा असतो, पुढच्या वर्षासाठी.

मी विचारलं, हे दगड तिकडचे का? ओपांनी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी मार्गिलानच्या ओढ्यातले सात आणले होते. त्यांतले चार दगड वर्षानुवर्षं वाटीत येऊन लोकांच्या खिशात गेले. त्यांच्या जागी हडसनच्या काठचे चार. मी सातही तळहातावर घेतले. शिजून सगळे सारखेच काळपट झाले आहेत.

२२ मार्च, बुधवार

सुमलक: गहू २ किलो, मैदा ३ किलो, तेल १ लिटर, पाणी बादलीच्या मापाने, तेरा तास. एक बरणी माझ्याकडे फ्रीजमध्ये, एक आईसाठी एप्रिलमध्ये जाणाऱ्या मैत्रिणीच्या हाती पाठवायची, झाकण मेणाने बंद करून.

उद्यापासून रमजान. शनिवारची वेळ बदलली: आता सूर्यास्तानंतर, इफ्तार झाल्यावर. ओपा म्हणाल्या, तेव्हा मस्तावा, म्हणजे तांदळाचं सूप, शिकवीन, आणि गाजर तू चिरायचं. आता तीस मिनिटं लागतात मला.